एकशे सतरावं पान

सर,

तुमचा शेवटचा पेपर अजून लोकांच्या संदर्भयाद्यांत येतो. अरेखीय समीकरणं मला तेव्हाही कळत नव्हती. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेल्या मुलाला कळणार तरी किती? पण माझं टायपिंग चुकत नाही म्हणून तुम्ही मला भाट्याला तुमच्या घरी बोलवायचात. पेपर पाठवण्याआधी तुम्ही यादी मोठ्याने वाचायची, नाव, वर्ष, पान, आणि मी पडद्यावर बोट ठेवून ‘हो’ म्हणायचं, हा आपला नेम.

त्या दुपारी यादी अर्धी टाइप झालेली असताना तो आला, माझा जुना वर्गमित्र, तुमचा लाडका विद्यार्थी. पुण्यात पीएच.डी.ला जागा मिळाल्याचं सांगायला. तुम्ही उठून आत हाक मारलीत, “अगं, चहा टाक, आपला मुलगा पुण्याला चाललाय.” मग मला म्हणालात, “उरलेलं तू बघ रे. तुझं काही चुकत नाही.” मी टाइप करत राहिलो, कान मात्र तुमच्या दोघांकडे. यादी वाचायची राहिली ती राहिलीच. पेपर छापून आला तेव्हा तुमच्या नावाशेजारी त्याचं नाव होतं. सिद्धतेचा अर्धा भाग त्याचाच, हे मला ठाऊक आहे. तरी मी ते पान पुन्हा पुन्हा उघडून बघायचो.

गेल्या महिन्यात तो माझ्या टायपिंगच्या दुकानात आला, नवा पेपर घेऊन. “यादी बघ रे. सर सांगून गेलेत, तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवायची नाही.”

“सगळे लेख वाचलेयस ना?”

“न वाचता कोण देतो, मेल्या?”

यादीत एक जुना रशियन लेख होता, तुमच्या शेवटच्या पेपरातही असलेला, पान एकशे एकाहत्तर. तुमच्या यादीचा हस्तलिखित कागद माझ्याकडे आहे, त्यावर स्वच्छ एकशे सतरा आहे. त्या दुपारी मीच आकडे उलटे टाइप केले. इंटरनेटवर शोधलं तर तुमच्यानंतरच्या आणखी सहा पेपरांत तेच चुकीचं पान. मूळ लेख कुणी उघडलाच नाही, सगळ्यांनी तुमच्या यादीतून उचलला. त्यानेही. सर, तीन दिवस मी खुशीत होतो. चौथ्या दिवशी लक्षात आलं, कुणी माग काढत गेला तर तो तुमच्यापाशी येऊन थांबेल, माझ्यापाशी नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “काय सापडलं का रे?”

“नाही,” म्हटलं, “पाठव.”

भीतीने ‘नाही’ म्हटलं असं नव्हे, सर. पान दुरुस्त केलं असतं तर त्याची यादी तुमच्या यादीपेक्षा बरोबर ठरली असती. ते मला बघवलं नसतं.