इस्टरनंतर सुरू होणारं काम

बाई,

मला मिळालेलं एक काम सुरू व्हायच्या आधीच रद्द झालं. गोष्ट गेल्या वर्षीची आहे, पण तेव्हापासून ती कुणाला तरी पहिल्यापासून नीट सांगावी असं वाटत राहिलंय. इथे सगळ्यांना सांगून झालं. सगळ्यांचं उत्तर एकच, अगं, कोविडमध्ये सगळ्यांचंच असं झालं. खरं आहे ते. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जगभर ही साथ आली, माणसं गेली, दुकानं बंद पडली, त्यात माझे पक्षी ते काय! पण तुम्ही तसं म्हटलं नसतं. तुम्ही आधी विचारलं असतं, "कसले पक्षी?"

मी मेलबर्नच्या पश्चिमेला टार्निटला राहते. नवी वस्ती आहे, एकसारखी घरं, अजून न बांधलेले प्लॉट आणि त्यांवरून सुटणारा वारा. शहरातल्या एका ऑफिसात मी खोकी डिझाइन करायचे. बिस्किटांची, कुत्र्यांच्या खाण्याची. काम वाईट नव्हतं, पण दिवसभर स्क्रीनवर रंग भरून घरी आल्यावर हाताला कोरडं वाटायचं. म्हणून सुट्टीच्या दिवशी मी जलरंग काढून बसायचे. त्यातली काही चित्रं आमच्या लायब्ररीच्या भिंतीवर लागली, ती कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, एका अधिकारी बाईने पाहिली आणि मला भेटायला बोलावलं. जवळच्या पाणथळीभोवती ते चालण्याची वाट बांधत होते. वाटेवरच्या फलकांसाठी तिला तिथले पक्षी हवे होते, हाताने काढलेले. गमबूट घालून ती मला चिखलातून फिरवत होती आणि सारखी म्हणत होती, "फोटो नकोत मला. लोक फोटोवरून पुढे निघून जातात. त्यांनी थांबायला हवं." तिचे पांढरे होत चाललेले केस वाऱ्याने डोळ्यांवर येत होते. माझ्यापेक्षा तीच जास्त खूश होती. काम वर्षभराचं, इस्टरनंतर सुरू होणार. नोकरी सांभाळून ते जमणारं नव्हतं. नवरा म्हणाला, "आता नाही केलंस तर कधीच करणार नाहीस." मी राजीनामा दिला. ऑफिसने केक कापला.

आणि मार्चमध्ये मी इथल्या भारतीय दुकानाबाहेर रांगेत उभी आहे. आत गव्हाचं पीठ आलंय, घरटी एकच पिशवी मिळणार म्हणून सगळे एकमेकांपासून अंतर राखून उभे आहेत. फोन वाजतो. कौन्सिलच्या त्या बाईचाच. ती खूप हळू बोलते. कौन्सिलने सगळी नवी कामं थांबवली आहेत, पायवाट, फलक, सगळं. पुढे ढकललं नाही, रद्दच केलं. "आय ॲम सो सॉरी. मी पुष्कळ भांडले." मी म्हणते, "नो वरीज." आणि पुन्हा एकदा, "नो वरीज ॲट ऑल." इथे इतकी वर्षं राहिल्यावर हे शब्द जिभेवर आपोआप येतात, बाई, त्यांना अर्थ असावाच लागत नाही. त्यावर ती म्हणते, "आर यू ओके?" आणि मग बोलत नाही, पण फोनही ठेवत नाही. मागून कुणीतरी म्हणतं, "दीदी, लाइन आगे बढ़ गई है." मी फोन बंद करते, पुढे सरकते, पीठ घेते. घरी येऊन पीठ डब्यात भरते. मग ओट्याला धरून उभी राहते.

तिथे मला तुमचा ओटा आठवला. चिंचवडच्या तुमच्या दोन खोल्या, रविवारची सकाळ. मी रंगांचा सराव करायला यायचे आणि तुम्ही आधी पोटाला घालायचात. एकदा तुम्ही कढईत शेंगदाणे भाजत होतात आणि मी माझ्या चित्रकलेच्या परीक्षेचं काही रडगाणं लावलं होतं. तुम्ही पाठमोऱ्याच बोलायला लागलात. तुम्हाला तरुणपणी मुलांच्या एका पुस्तकाची सगळी चित्रं काढायचं काम मिळालं होतं. प्रकाशकाने घरी येऊन नक्की केलं होतं. आठवड्याने पोस्टकार्ड आलं की, दुसरे चित्रकार ठरले आहेत, क्षमस्व. "आणि माझे पेढे वाटून झाले होते गं," असं म्हणून तुम्ही हसलात. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? "काय करणार? दुसऱ्या दिवशी शाळा होती. पहिलाच तास पाचवीचा होता. त्यांना पानं-फुलं शिकवली." शेंगदाणे ताटात ओतून तुम्ही मला सालं काढायला बसवलंत. मला तेव्हा ते उत्तर फार कोरडं वाटलं होतं. एवढंच? ओट्याला धरून उभी होते तेव्हा मला तेच उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं, आणि अडचण अशी होती की मला दुसऱ्या दिवशी जायला शाळा नव्हती.

जुन्या साहेबांना फोन केला. ते चांगले आहेत, अवघडले बिचारे. म्हणाले, "मेट, आहे त्या लोकांनाच ठेवू शकेन की नाही, माहीत नाही." नवरा रात्री जेवताना म्हणाला, "मीच आग्रह केला तुला." मी म्हटलं, "तू नसता केलास तरी मी नोकरी सोडलीच असती." ते खरं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मग जवळच्या गोदामात काम मिळालं. लोक घरबसल्या किराणा मागवत होते आणि त्यांच्या ऑर्डरी भरायला माणसं कमी पडत होती. अंगावर पिवळं जाकीट, मनगटावर कुठला माल कुठे आहे ते सांगणारं यंत्र, आणि दिवसभर चालायचं. पहिल्याच आठवड्यात यंत्राने मला बिस्किटांच्या रांगेत पाठवलं. समोर मीच डिझाइन केलेलं खोकं. त्यावरच्या गव्हाच्या लोंबीसाठी मी किती दिवस भांडले होते! उचललं, क्रेटमध्ये टाकलं. शेजारची पंजाबी मैत्रीण ओरडली, "क्या हुआ, एक्सपायर है क्या?" मी म्हटलं, नाही, ठीक आहे.

रंगांची पेटी मी कपाटात वर ठेवली होती. ती खाली आली मुलीमुळे. शाळा घरूनच चालू होती. तिच्या टीचरने सांगितलं होतं, घराजवळ दिसणारा एखादा पक्षी काढा. मी शिफ्टवरून आले तर ती आयपॅडवर कागद ठेवून काचेतून दिसणारा पक्षी गिरवत बसलेली. माझ्या तोंडून तुमचा आवाज निघाला, बाई. सहावीत मी पुस्तकातून उतरवलेला कावळा तुम्ही सगळ्या वर्गासमोर वर धरला होता आणि विचारलं होतं, "हा कावळा तुझा की पुस्तकाचा?" मी त्याच सुरात विचारलं, "हा पक्षी कुणाचा?" ती म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ बर्ड." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही ओरडल्यावर मला स्वतः खरा कावळा बघायला खिडकीपाशी नेऊन उभं केलं होतंत, तेवढं मला उशिरा सुचलं. जाकीट न काढताच मी म्हटलं, चल, बूट घाल.

मागच्या रिकाम्या प्लॉटवर, बांधकामाच्या खडीत, टिटवी अंड्यांवर बसली होती. इथली टिटवी वेगळी, चेहऱ्यावर पिवळी कातडी लोंबते. मुलगी म्हणाली, "शीज वेअरिंग अ मास्क टू." आम्ही दोघी खूप दिवसांनी हसलो. आपल्याकडे टिटवी ओरडली की बायका दार लावून घेतात. ही आमच्या अंगावर ओरडत धावून आली आणि आम्ही कुंपणाला चिकटून उभ्या राहिलो. मग रोज जाऊ लागलो. बाहेर पडायला तासाभराचीच परवानगी, त्यातला बराचसा टिटवीचा. वारा, पाऊस, ती तशीच बसून. मुलीने काढलेली टिटवी कोंबडीसारखी दिसायची, पण तिची होती. मीही कपाटावरून पेटी काढली आणि तिच्याशेजारी रंगवायला बसू लागले. एके दिवशी अंडी नव्हती, गवतात पिसांचे दोन गोळे धावत होते, आणि मुलीने मराठीत हाक मारली, "आई, बघ ना!"

काल कौन्सिलमधून एका नव्या माणसाचा फोन आला. पायवाट पुन्हा मंजूर झालीय, पण लहान, पक्षीही थोडेच. करशील का? मी म्हटलं, करीन, पण या वेळी मधेच रद्द झालं तर काय, ते आधी कागदावर हवं. तो लगेच म्हणाला, हो, चालेल. इतकं सोपं होतं ते. मग मी विचारलं, आधीच्या मॅडम कशा आहेत? तो म्हणाला, "ओह, तिला तेव्हाच कामावरून कमी केलं. ही कामं रद्द झाली त्याच दिवशी, बहुतेक. स्वतःचं टेबल आवरायच्या आधी तिने सगळ्या आर्टिस्टना स्वतः फोन केले."

म्हणजे मी रांगेत उभी होते तेव्हा तिचंही काम गेलेलं होतं. ती फोन धरून थांबली होती. वर्षभर मी मनात तिच्याशी भांडत होते, तिने आधीच सांगायला हवं होतं, तिला काय, पगार चालूच आहे.

तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. सकाळपासून दोनदा काढला आणि ठेवून दिला. तिला काय म्हणायचं ते सुचत नाही, आणि तिने उचलला तर मला बोलावं लागेल. तुम्हाला लिहिताना ती धास्ती नाही. खरं सांगायचं तर बाई, तिला फोन करायचा टाळते आहे, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.