कानशिलावरची तपासणी

प्रिय टिटवी,

माझं पत्र बघून दचकशील. पण फोनवर हे जमलं नसतं. तू मध्येच बोलतेस. शाळेत सिस्टरनीसुद्धा तुझ्यापुढे हात टेकले होते.

चार महिन्यांपूर्वी ह्यांना तुझ्याकडे तपासायला आणलं. चाल मंदावलेली, हात थरथरणारा, चेहरा पाटीसारखा कोरा. तू समजावलंस, की दिसायला सगळा कंपवातच, पण एका प्रकाराला गोळी लागू पडते. दुसरा मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याने होतो, त्याची औषधाची दिशाच वेगळी. मग कानशिलाला जेल लावून यंत्र टेकवलंस आणि ह्यांच्या डोक्यातलं रक्त खोलीभर सूंऽ सूंऽ वाजू लागलं. चाळीस वर्षं त्या डोक्याला तेल मी लावते, आणि आतला आवाज शोधून काढलास तू!

"अरे चित्रकार, श्वास रोखून धर," म्हणालीस. "कॉलेजात माझ्या जर्नलमध्ये मेंदू काढून दिला होतास ना, आता खरा दाखव." आणि हे हसले. चक्क हसले! दीड वर्षात घरात कुणी ते हसू पाहिलं नव्हतं. मी 'अहो, अहो' करत मागेमागे फिरते, आणि तुझ्या एका 'अरे'ने काम केलं. माझा नुसता तिळपापड झाला. त्या जर्नलच्या दिवसांत तुमचं काही होतं का, हे मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

डावीकडचं हाड जाड आहे, आतलं रक्त नीट ऐकू येत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा आण, असं तू सांगितलंस. मी आणलं नाही. तुला कळवलं, तपासणी दुसरीकडे करून घेतली. ह्यांच्या डॉक्टरांना सांगितलं, तपासणी झाली, रक्तवाहिन्या ठीक आहेत. दोन्ही खोटं. त्यावर विसंबून त्यांनी गोळी तीनदा वाढवली. गुण काही नाही. सोमवारी हे न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही एवढंच.

काल डॉक्टरांना सगळं कबूल केलं. त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. गुरुवारी सकाळी ह्यांना घेऊन येते आहे. 'अरे' म्हण, हसव, हवं ते कर. मी बाहेर बाकावर बसेन. फक्त निकाल मला सांगू नकोस, त्यांना सांग. हल्ली एक वाक्य पुरं करायला त्यांना फार वेळ लागतो. लागू दे. मला ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
जळकुकडी पेंगू