अकरा मिनिटांची नोंद

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, सामुदायिक रुग्णालयाच्या प्रसूती विभागातून निवृत्त झालेली मुख्य परिचारिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी काही लिहिलेलं नाही. याआधीची माझी दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती रागात लिहिली होती. आता रागावण्याइतकं बळ उरलेलं नाही.

१. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची मोरी, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला. तिने मला सात वर्षं सांभाळलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही. बँकेत असेल तेही तिचंच. माझ्या भावाने यावर हक्क सांगू नये. आई गेली तेव्हा त्याने चारचौघांत मला विचारलं, "तू कुठे होतीस?" मी एका जुळ्यांच्या बाळंतपणात होते, दुसरं बाळ आडवं होतं. हे तेव्हा सांगितलं नाही, आता सांगते. त्याच्यावर राग नाही, पण घरही नाही.

२. पोटाला टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं माझं लाकडी नळकांडं विभागातल्या सर्वांत नव्या परिचारिकेला द्यावं, जिला सगळ्या 'मुकी' म्हणतात. आता त्यासाठी यंत्र आहे, तरी द्यावं. ती कमी बोलते, म्हणून तिला ऐकू येतं. कळा देणाऱ्या बाईवर खेकसणाऱ्या कुणाच्याही हाती ते जाऊ नये. माझे पांढरे बूट फेकून द्यावेत.

३. हे कलम देण्याघेण्याचं नाही, पण सगळा खटाटोप याच्यासाठीच आहे.

एकतीस वर्षांपूर्वी भर दुपारी विभागात एक पहिलटकरीण होती. वय चोवीस, शिवणकाम करणारी. बाळ सकाळपासून अडलं होतं. मोठ्या डॉक्टरांना मी तीनदा फोन केला. ते स्वतःच्या दवाखान्यात होते. तिन्ही वेळा "येतो" म्हणाले. शेवटी बाळ मीच काढलं. आईला रक्तस्राव होऊन तिची शुद्ध हरपली. तिच्याकडे दुसऱ्या परिचारिकेने पाहिलं. बाळ मुलगी होती. मी तिचं तोंड-नाक साफ केलं, पाठ चोळली, रबरी फुगा दाबून श्वास दिला. ती दोनदा रडली, मांजराच्या पिलाएवढं. अकरा मिनिटं जगली.

डॉक्टर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणाले, "सिस्टर, मृत जन्मली असं लिहा. जगून गेली म्हटलं की चौकशी आली. तुमचं बढतीचं पत्र पुढच्या महिन्यात निघतंय ना?"

मी लिहिलं. संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर आईने विचारलं, "रडली का हो?" मी नाही म्हणाले. पत्र निघालं. डॉक्टर केव्हाच वारले, पण त्यांच्यावर ढकलून मी सुटत नाही. नोंदीतलं अक्षर माझं आहे.

माझ्यामागे त्या बाईंना द्यायचं म्हणून हे सगळं लिहून मी पाकिटात घालून ठेवलं होतं. भाचीच्या हाती लागलं. ती म्हणाली, "मावशी, मेल्यावर सांगणं म्हणजे मागच्या दाराने निघून जाणं." दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मग त्या बाईंकडे गेले.

बाई आता पंचावन्नच्या आहेत. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या दुकानात काज करत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली.

"दोनदा रडली?"

"दोनदा."

"कुणी घेतलं होतं तिला?"

"मी. खाली ठेवली नाही."

त्यांनी मांडीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "मला वाटत आलं, माझ्याच पोटात काहीतरी खोट आहे. पुन्हा मूल होऊ द्यायचा धीर झाला नाही. नवऱ्याला नको म्हणाले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता जा तुम्ही. माफ-बिफ मला काही करता यायचं नाही."

मी माफी मागितलीही नव्हती. 

४. त्यानंतर मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात नोंद दुरुस्तीचा अर्ज केला. कारकून म्हणाला, "फार जुनं आहे, बाई. वेळ लागेल. तोवर तुम्ही असाल ना?" म्हणून हे कलम. माझं शपथपत्र जोडलं आहे. मी नसले तर या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या माझ्या भाचीने अर्ज तडीस न्यावा. जन्म दुपारी दोन वाजून सात मिनिटांनी, मृत्यू दोन वाजून अठरा मिनिटांनी. दोन्ही दाखले आईच्या हातात द्यावेत.

अर्जात बाळाच्या नावाचा रकाना आहे. तो मी कोरा सोडला होता आणि अर्जाची एक प्रत टपालाने बाईंना पाठवली होती. गेल्या मंगळवारी कारकुनाचा फोन आला, की शिवणाऱ्या बाई स्वतः येऊन रकाना भरून गेल्या.

मी विचारलं, "काय नाव लिहिलं?"

तो म्हणाला, "तुम्हाला सांगू नका म्हणाल्यात."

मी पुन्हा विचारलं नाही. भाचीला कळलं तर तिनेही मला सांगू नये.

स्थळ: माझं स्वयंपाकघर
दिनांक: १४ सप्टेंबर
सही: (मृत्युपत्र करणारी)

या बाईंनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. मजकूर आम्ही वाचलेला नाही.
साक्षीदार १: शेजारचे निवृत्त पोस्टमन (सही)
साक्षीदार २: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)