आगीतून वाचलेला हंडा

शनिवार, ९ सप्टेंबर २००६
डनबर क्रॉसिंग म्युझियममध्ये व्हॉलंटियर म्हणून पहिला दिवस. म्युझियम म्हणजे जुन्या रेल्वे स्टेशनातल्या दोन खोल्या. या गावाच्या इतिहासात एकच गोष्ट घडली: १८८७ ची आग. बाकी सगळा कापूस. प्रमुख डॉटीबाई, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाल्या की ऑक्टोबरपासून एक पगारी गाइड ठेवणार. माझ्याकडे बघूनच म्हणाल्या. मी त्यांना लेबलांतल्या स्पेलिंगच्या तीन चुका दाखवल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला. प्रभावित.

रविवार, १० सप्टेंबर
मी त्र्यंबकमामांकडे राहतो. मामा या गावातले एकमेव डॉक्टर. जेवताना म्हणाले, कॉलेज अर्ध्यात सोडलंस, आता अर्विंग शहरात जा, माझ्या मित्राच्या, राजेशच्या ओळखीने सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चिकट. मी सांगितले, गाइडची नोकरी जवळजवळ पक्की आहे. मामा म्हणाले, जवळजवळ पक्की म्हणजे कच्ची. ऑक्टोबरात नोकरी नाही तर अर्विंग, असे ठरले. मी समोर बसलेला असताना ठरले.
अर्विंगला जाणार नाही. तिथे सहा-सहाजण एका अपार्टमेंटमध्ये राहून इंटरव्ह्यूची उत्तरे पाठ करतात.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर
उद्या फाउंडर्स डे, गावाच्या स्थापनेचा दिवस. म्युझियमचे बोर्ड येणार, गाइडचे नाव जाहीर होणार. डॉटीबाईंनी किल्ली माझ्याकडे दिली. विश्वास.
काचेच्या पेटीत म्युझियमचा मानाचा हंडा आहे. तांब्याचा, पण कोळशासारखा काळा. लोक लांबून बघायला येतात आणि हा इतका कळकट. मालिनीमामींना विचारले. म्हणाल्या, तांब्याला चिंच-मीठ, दुसरं काय. कशाला हवंय ते त्यांनी विचारले नाही, ही त्यांची चूक.
दुपारभर घासला. असा निघाला की त्यात तोंड दिसते. माझे बरे दिसले.

शनिवार, ७ ऑक्टोबर
डॉटीबाई हंड्यासमोर बराच वेळ उभ्या. आनंदाने भारावल्या असाव्यात असे वाटले. मग त्यांनी खुर्ची मागितली.
ती काजळी म्हणजेच आग होती म्हणे. गावात आगीची दुसरी कुठलीच खूण उरलेली नव्हती. बोर्डातले एक गृहस्थ हळूच म्हणाले, पोरा, आता आग लागली होती हेच आम्हाला सिद्ध करावं लागणार. मी सांगितले, आमच्याकडे पाहुणे येणार असले की भांडी लख्ख करतात, काळे भांडे पुढे मांडणे हा घराचा अपमान. ते म्हणाले, हे घर नाही.
हंड्याचे लेबल मी तीनदा वाचले होते. स्पेलिंग बरोबर होते, त्यामुळे मजकुराकडे बघण्याची गरज वाटली नाही.
मामेबहीण सावनी, नववीतली, म्हणाली, दादा, यू वॉश्ड द फायर. मामा हसले. मी नाही.

रविवार, ८ ऑक्टोबर
माफी मागणार नाही. स्वच्छतेबद्दल कोणी माफी मागत नसते.
शिवाय काजळी परत आणता येते. मामांच्या बार्बेक्यूवर अर्धा तास पुरे. डॉटीबाईंना फोन करून सुचवले. म्हणाल्या, हनी, प्लीज, कशालाही हात लावू नकोस. हनी म्हणाल्या, म्हणजे राग नाही.
गाइडची जागा एका निवृत्त स्कूलबस ड्रायव्हरला. त्याला तांब्यातले काही कळत नाही.
किल्ली मामांनी स्वतः नेऊन दिली.

रविवार, २२ ऑक्टोबर
अर्विंग. मी सहावा. इथे फार दिवस राहणार नाही.
आज भांड्यांची पाळी माझी. कुकरचे बूड जळून काळे झाले आहे. मी तसाच ठेवला. रूममेट यतीनने विचारले, हा का नाही घासलास? मी सांगितले, कुठल्याही वस्तूवरचा थर काढण्याआधी विचार करावा लागतो. तो म्हणाला, यार, तू विचार कर, पण आम्हाला भात लावायचाय.
घासला. निघाला नाही.