गाळलेली दोन वर्षं

ताई, तुला आणि अण्णांना धाकटीचा नमस्कार.

मी मजेत आहे. खोकलाही बराच कमी झालाय. अण्णा आता काठीशिवाय चालतात का?

इथे विज्ञानाच्या पोरांना संशोधन, नोकरीचे अर्ज, स्वतःचा छोटा धंदा असं सगळं शिकवते. अण्णांच्या भाषेत, धड काहीच नाही!

परवा एका मुलीच्या अर्जात मधलं एक वर्ष कोरं दिसलं. मी लाल पेनाने गोल केला.

ती म्हणाली, "मॅडम, आई अंथरुणाला खिळली होती."

"मग त्या तारखाच गाळ. उगाच प्रश्न विचारतील."

दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर एक वही ठेवली. आईची रोजची साखर, खाणं, औषधं, झोप. वर्षभरात एकाही दिवसाचा खाडा नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली तीही ही वही बघूनच. इतकी चोख नोंद माझ्या वर्गात कुणाचीच नाही, आणि मी तेच तर शिकवते.

मी तिची माफी मागितली. आणि तुझा फोन आठवला.

गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, "शाळेतल्या नोकरीच्या अर्जात अण्णांच्या आजारपणातली दोन वर्षं कशी दाखवू?" मी पटकन म्हटलं, "गाळून टाक." तू नुसतं "बरं" म्हणालीस.

अर्ज अजून दिला नसशील तर थांब. त्या दोनातलं एक वर्ष माझ्या वाट्याचं होतं, ताई, पण मी आलेच नाही. तेही तुझ्याच नावावर लिही.

तुझी,
धाकटी