हॉल मिळेना

३ मार्च

पुन्हा तीन तास बैठक. पुन्हा काही नाही. सैन्य परत आणायचं यावर आमच्या मंत्रिमंडळाचं एकमत आहे — कधी, एवढंच कुणी बोलत नाही. तारीख ज्याच्या तोंडून निघेल, पुढचं सगळं त्याच्या माथी, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक. म्हणून मग 'योग्य वेळी', 'परिस्थिती पाहून', 'सन्मानाने'. मी पंतप्रधान, म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. मी घड्याळाकडे.

युद्ध माझं नाही. माझ्या आधीच्या शहाण्याने मोठ्या मित्रदेशाला खूश करायला पोरं समुद्रापलीकडे पाठवली आणि स्वतः आत्मचरित्र लिहायला घरी जाऊन बसला. ते भिजत घोंगडं आता माझ्या अंगावर.

६ मार्च

मिशी आज नकाशे घेऊन आले. मिशी म्हणजे आमचे लष्करप्रमुख — आधी मिशी खोलीत येते, मागाहून ते. म्हणाले, पाऊस लागायच्या आत निघायचं तर पंधरा मेपर्यंत शेवटचं विमान उडू शकतं. लेखी द्या म्हटलं, तर खोकला आला.

संरक्षणमंत्री शेजारीच होते. त्यांचं नाव मी गोगलगाय ठेवलंय. कविता करतात. म्हणाले, "इतिहास आपल्याला जाब विचारेल." इतिहासाला दुसरी कामं नाहीत, यांना जाब विचारत बसेल!

पंधरा मे. मनात धरून ठेवली. कुणाला बोलले नाही.

९ मार्च

आई जेवताना रोज एकच विचारते. "आली का गं पोरं?" जशी काही मी सहलीला पाठवलीयत. "नाही," म्हटलं. "मग ताट कशाला वाढून घेतलंस?" म्हणाली. वयाचा परिणाम, असं डॉक्टर म्हणतात. मला तसं वाटत नाही.

१२ मार्च

गाडी सिग्नलला थांबली होती. बाहेर फलक घेतलेली माणसं, काचेवर थापा. मी कागदात डोकं घातलं. ड्रायव्हरने इतक्या वर्षांत कामाशिवाय कधी तोंड उघडलं नाही, आज म्हणाला, "बाई, एक विचारू?"

मला वाटलं, रजा.

"मुलाचं लग्न करायचं म्हणतोय. तो तिकडे आहे. हॉल आधीच धरावा लागतो. कधीचा धरू?"

त्याचा मुलगा तिकडे आहे हे मला माहीत होतं. म्हणजे कुणीतरी सांगितलं होतं, मी विसरले होते. मुलगी काय करते, विचारलं. "चांगली आहे," म्हणाला. आणि आरसा नीट करू लागला.

जगातल्या एकूणएक माणसाला माझ्याकडून तारीख हवीय — वकिलातीला, वर्तमानपत्रांना, शेअर बाजाराला. आणि याला हॉल हवाय! बिचाऱ्याला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. मला त्याचं बरं वाटलं. म्हटलं, "वीस मेनंतरचा धरा."

मान हलवली आणि गिअर टाकला.

२१ मार्च

आज तीन शवपेट्या आल्या. विमानतळावर मी जायला हवं होतं. धुक्याचं कारण कळवलं. धुकं नव्हतं.

२ एप्रिल

ठरलं. ऑक्टोबर.

मित्रदेशाचा राजदूत सकाळी आला, गोड गोड बोलला, जाताना दारात म्हणाला, "घाई आम्हाला आवडणार नाही." दुपारी पक्षातली जुनी खोडं आली. सप्टेंबरात निवडणूक. त्याआधी माघार घेतली तर विरोधक 'शेपूट घातलं' म्हणून गावभर बोंबलणार. नंतर घेतली तर कोण विचारतो? गोगलगायीने तर टाळ्या वाजवल्या. "ऑक्टोबरात हवाही छान असते." हवा! मिशींनी विचारलं, पावसाचे चार महिने पोरांनी त्या डोंगरात काढायचे का?   मी मान हलवली, आणि माझी मान म्हणजे निर्णय.

इतके दिवस यांना भित्रे म्हणत होते. आज त्यांच्याच पंगतीला बसले आणि पोटभर जेवले.

संध्याकाळी गाडीत ड्रायव्हरला सांगायला हवं होतं. वीस मे पुढे ढकला, एवढंच. घर येईपर्यंत फोनवर बोलत असल्याचं नाटक केलं. पलीकडे कुणीही नव्हतं.

१४ एप्रिल

आजची बैठक जपून ठेवण्यासारखी.

गोगलगायीने प्रश्न मांडला — राष्ट्रीय प्रश्न! — त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रकाशनाला मेअखेर राजधानीत एकही हॉल मिळत नाही. मंत्री असून! सगळीकडे लग्नं. कुणीतरी हसलं. मिशी हसले नाहीत. म्हणाले, "छावणीच्या गावांतही तेच चाललंय. वीस मेपासून एक हॉल मोकळा नाही. मी चौकशी केली. सगळे नवरदेव एकाच ठिकाणी नोकरीला आहेत."

 सगळे हळूच माझ्याकडे वळले. मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता.

१५ एप्रिल

गाडीत बसल्या बसल्या विचारलं, कुणाकुणाला सांगितलंत?

"कुणालाच नाही, बाई. नुसता हॉल बघत फिरत होतो. लोक विचारायचे, मुलगा तर तिकडे आहे, मग कसं? म्हटलं, येईल तोवर."

पंतप्रधानांचा ड्रायव्हर हॉल धरतो. एवढं बघून अख्ख्या लष्करी वस्त्या हॉल धरायला धावल्या. कॅटररला, बँडवाल्याला, पत्रिका छापणाऱ्याला जे कळलं ते राजदूताला कळलं नाही. आज सकाळी त्याचा फोन होता. "तुमच्याकडे मे महिन्यात कसला सण आहे?"

संध्याकाळच्या बातम्यांत एक म्हातारी हॉलच्या पावत्या कॅमेऱ्यापुढे धरून बसली होती. दोन नातवांच्या. "सरकारनेच सांगितलंय," म्हणाली. आता हिला कोण सांगणार, की ऑक्टोबर? गोगलगाय जाणार? जुनी खोडं जाणार? सगळ्यांना विचारलं. एकेकाला फोन करून. सगळ्यांचं म्हणणं पडलं, की तुमचा निर्णय तोच आमचा.

१७ एप्रिल

जाहीर केलं. पंधरा मे. टाळ्या, फुलं, 'धाडसी निर्णय'. धाडस कसलं — हॉल परत करायला कोण जाणार, एवढाच प्रश्न होता. राजदूताने फोन आपटला. छान वाटलं.

१६ मे

शेवटचं विमान सकाळी उतरलं. या वेळी मी गेले. पोरं जिन्यावरून उतरताना माझ्याकडे बघत नव्हती, कुंपणापलीकडच्या गर्दीत आपापली माणसं शोधत होती. बरोबरच आहे. त्या गर्दीत ड्रायव्हरही होता, मला न विचारता गाडी सोडून गेलेला. मी अर्धा तास उन्हात उभी राहिले. मिशी दुसरी गाडी मागवू का म्हणाले. नको म्हटलं.

घरी आईला सांगितलं, आली. "सगळी?" म्हणाली.

२४ मे

ड्रायव्हर रजेवरून परत कामावर. मला आमंत्रण नव्हतं, म्हणून जरा टोमणाच मारला. लग्न कसं झालं?

"छान झालं, बाई. मुलाच्या तुकडीतला एक आहे, त्याचं. त्याला हॉल मिळत नव्हता, माझा देऊन टाकला."

आणि तुमच्या मुलाचं?

"त्याला अजून मुलगी बघायचीय," म्हणाला. "म्हटलं, आधी मुलगा तर येऊ दे."