परदेशाचं स्टूल

३ फेब्रुवारी २००३
आज रुजू झाले. तासिका तत्त्वावर का होईना, पण छाया निकम आता कॉलेजात शिकवणार. सटाण्याहून एसटीनं आले. मांडीवर बॅग, बॅगेत आईनं कोंबलेले शेंगदाण्याचे लाडू. इंदिरानगरला सावित्रीबाईंकडे खोली मिळालीय. खिडकीत जास्वंद, नळाला सकाळी तासभर पाणी, आणि घरमालकीण अशी की भाड्याच्या आधी जेवलीस का ते विचारते. कॉलेजात विभागप्रमुख रंगनाथ सरांनी तिसऱ्या वर्षाचा पेपर माझ्या गळ्यात घातला, अमेरिकेचं परराष्ट्र धोरण. वर विचारलं, जमेल ना मॅडम? मी म्हटलं, अमेरिकेला जमतंय तर मला का नाही जमणार. सर हसले नाहीत. आई म्हणते तेच खरं, माझ्या जिभेला हाड नाही. पण दिवस झकास गेला.

६ फेब्रुवारी
वर्गाशेजारी एक बंद खोली आहे. आत पाच खुर्च्या, सागवानी, जडशीळ. पाठीवर पांढऱ्या रंगात नावं: अध्यक्ष, परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, गुप्तचर खातं, संसद. आणि दाराशी एक बुटकं स्टूल, त्यावर लिहिलंय ‘परदेश’. पूर्वीचे एक सर मुलांना यांवर बसवून शिकवायचे म्हणे, धोरण कसं ठरतं ते. ते वारले तेव्हापासून कुलूप. रंगनाथ सर म्हणाले, कशाला उघडता, पुस्तकातून शिकवा. पुस्तकात काय, तर नुसते चौकोन आणि बाण. मी किल्ली घेतलीच. मागून म्हणजे काय, हटून बसून.

१२ फेब्रुवारी
पोरं काय रंगली आज! खेळ सोपा: परदेशाकडे काहीतरी भयंकर लपवलेलं आहे असा संशय आहे, तर काय करायचं ते ठरवा. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराचा साई हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतानाही अडखळतो, त्याला मुद्दाम अध्यक्ष केलं. दिशा गुप्तचर खातं, संघर्ष परराष्ट्र खातं, मागच्या बाकावरच्या दोघांना संरक्षण आणि संसद. सिन्नरची राखी वर्गात सगळ्यात बडबडी, ती स्टुलावर. मी सांगितलं, अमेरिका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. लढणारं खातं म्हणतं आम्ही तयार आहोत, बोलणीवालं म्हणतं थांबा, गुप्तचर म्हणतं आमच्या कानावर आलंय, आणि पैशाची थैली संसदेच्या हातात. या ओढाताणीतून जे निघतं त्याला धोरण म्हणायचं. स्टुलावरच्याला कुणी विचारत नाही. त्यावर राखी दारातून ओरडली, मॅडम, मला इचारा ना, माझ्या पिशवीत निस्ता डबा हाय. सगळे हसले.
साई मात्र तासभरात एकदाही अडखळला नाही. त्याचं मला फार कौतुक वाटलं.

२० फेब्रुवारी
एक गोष्ट खटकतेय. तास संपतो, खेळ संपत नाही. कँटीनमध्ये राखीच्या बाकावर कुणी बसत नाही. आज तिनं चहा मागितला तर कँटीनवाला म्हणाला, मनाई आहे. कुणाची, ते त्याला सांगता येईना. दिशा म्हणाली, निर्बंध लागलेत मॅडम, पिशवीत डबा नाहीये. मी तिला झापलं आणि सगळ्यांसमोर पिशवी उघडली. डबाच होता, भाकरी आणि मेथीची भाजी. दिशा शांतपणे म्हणाली, म्हणजे दुसरीकडे लपवलंय.
आता अशा अकलेपुढे काय कपाळ फोडायचं?

२५ फेब्रुवारी
राखी वाळत चाललीय. बोलते, पण आवाज हातभरही पोचत नाही. आज एकेकाला उभं करून विचारलं, हे कुणी ठरवलं? संघर्ष म्हणाला, मी तर बोलणीच सुचवली होती. संरक्षण म्हणालं, आम्ही नुसती तयारी ठेवली. संसद म्हणाली, आम्ही खर्चाच्या बाजूनं हात वर केला, पुढचं माहीत नाही. दिशा म्हणाली, कानावर आलं ते सांगितलं. साई म्हणाला, समोर आलं त्यावर सही केली. म्हणजे ठरवलं कुणीच नाही, आणि फाशी मात्र संन्याशाला.
रंगनाथ सरांकडे गेले. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, यंत्रणा एकदा सुरू केली की तिचं काम ती करते. मी म्हटलं, मग बंद करते. सर म्हणाले, आधीच्या सरांनीही तेच म्हटलं होतं.

४ मार्च
खेळ बंद करण्याआधी एकदा बघावं म्हणून जागा बदलल्या. दिशाला परराष्ट्र खात्यावर बसवलं, संघर्षला गुप्तचरवर. बूड टेकायचा अवकाश, दिशा म्हणाली, बोलणी करूया. आणि संघर्ष, जो कालच राखीच्या चहासाठी कँटीनवाल्याशी भांडला, तो तिच्याकडे न बघता म्हणाला, दुसरीकडे लपवलंय. तेच शब्द, तोच सूर.
पोरं वाईट नाहीत. खुर्ची बोलते.
भीती वाटली. वाटली तर वाटली, लिहून टाकते. पण राग त्याहून मोठा आहे.

१० मार्च
आज मीच अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. म्हटलं, एका वाक्यात सगळं रद्द करते आणि उठते. लाकूड गरम लागलं, आत्ताच कुणी उठून गेल्यासारखं. चौघांनी आपापले कागद पुढे केले. मग — आठवत नाही. घंटा झाली तेव्हा मी उभी होते. साई म्हणाला, थँक्यू मॅडम.
घरी येऊन ही वही उघडली. कोऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात: वीस तारखेला कारवाई. मंजूर.
हात माझा. शब्द माझे नाहीत. पान फाडून सावित्रीबाईंच्या बंबात घातलं. उद्यापासून मी त्या खुर्चीला शिवणारसुद्धा नाही.

१७ मार्च
होळी. होळीसाठी लाकूड चोरलं तर पाप लागत नाही. मीही चोरलं. टेम्पो केला आणि पाचही खुर्च्या कॉलनीच्या होळीत घातल्या. स्टूल राहिलं; खोली उघडली तर राखी आपणहून येऊन त्यावर बसलेली, पाय उचलेनात तिचे. म्हटलं, खुर्च्या गेल्या की सुटेल पोर. ज्वाळा वर गेल्या तशी मी अशी बोंब ठोकली की सावित्रीबाईंनी विचारलं, पोरी, बायका कधीपासून एवढ्यानं बोंबलायला लागल्या? म्हटलं, आजपासून.

१९ मार्च
टीव्हीवर खऱ्या अमेरिकेनं दिलेली युद्धाची मुदत. संपत आलीय.
खोली उघडली. पोरं जमिनीवर बसलेली — पाचही, ज्याच्या त्याच्या जागी. पाठी ताठ. तीच वाक्यं. उद्याचं ठरलंय म्हणतात.
लाकूड जळलं. मांडणी नाही जळली.
राखीला ओढून उठवलं तर पाचही एकदम उठले. एका आवाजात म्हणाले, परदेश रिकामा राहत नाही. सोडलं, तशी ती पुन्हा स्टुलावर. ओठ हलत होते तिचे. ‘आई’ म्हणत असावी.
कुणीतरी लागतंच त्यांना. बरं. बघते मी.

२० मार्च
सकाळ. तिला उचललं आणि तिच्या जागी मी बसले. पोरगी लगेच किंचाळली, मॅडम, असं — केवढा तो आवाज. बरं वाटलं ऐकून. सांगितलं, पळ, सिन्नरची जीप धर, मागं बघू नको. गेली. पिशवीसकट गेली.

पाय उचलत नाहीत. आवाज गेलाय. ओरडले तर नुसती हवा. हात चालतोय. तेवढा बास.

दिशा विचारतेय, मांडीवर काय आहे. वही. दाखवा म्हणते. सगळे म्हणतात, कर नाही त्याला डर कशाला.

डर नाहीच. म्हणून तर दाखवत नाही.

उठले. पाचही. साई पुढे — काहीतरी बोलतोय — अडखळला. अडखळला तो. अडखळ बाळा, अजून —

दिशाचा हात वहीवर. सोडत नाही मी. रंगनाथ सर, लिहून ठेवा, परदेशाला विचारलं नव्हतं तरी त्यानं उत्तर दिलं — नाही. नाही म्हणजे ना